डॉक्टर म्हणतात, ‘तुम्हीच ठरवा!’ पण ठरवायचं कुणी?

(या भागाचं शब्दांकन. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ तेवढे गाळलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

गडहिंग्लजमधून बोलतोय. कुणी एसटीत खिडकीला बसून ऐकत असेल, कुणी पुण्यात ऑफिसला जाताना, कुणी उसाच्या ट्रॉलीमागं अडकून. आजचा विषय जरा जड आहे, पण शेवटपर्यंत ऐका. कारण आज ना उद्या तो प्रत्येकाच्या घरात येणार आहे.

नेसरीकडच्या एका श्रोत्यानं व्हॉइस नोट पाठवली होती. आजोबांना झटका आला. वय ऐंशीच्या पुढं. आधी इथं दाखवलं, मग कोल्हापूरला आयसीयूत. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी घरच्यांना आत बोलावलं आणि म्हणाले, “सुधारणा दिसत नाही. व्हेंटिलेटर चालू ठेवायचा का, ते तुम्हीच ठरवा.” त्या पोराचा प्रश्न असा, “दादा, आम्ही शेतकरी माणसं. हे आम्ही कसं ठरवायचं? आणि डॉक्टर असं आमच्यावर टाकून मोकळे कसे होतात?”

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. मी बीटेक केलंय, कोड लिहून पोट भरतो. पण त्या प्रश्नानं मला बरंच वाचायला लावलं. पुण्यात रेसिडेन्सी करणाऱ्या माझ्या शाळेतल्या मित्राशीही दोन-तीन रात्री बोललो. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

सुरुवात एका फरकापासून करू. डॉक्टरांपुढं दोन प्रकारचे प्रश्न येतात. पहिला, आजार कोणता आणि औषध काय. याचं उत्तर तपासणीत, पुस्तकात, अनुभवात मिळतं. दुसरा प्रश्न असा, की सगळं कळलंय, रिपोर्ट समोर आहेत, पण योग्य काय ते कळत नाही. जगवता येतंय, पण जगवावं का? खरं सांगता येतंय, पण आत्ता सांगावं का? मशीन इथं उपयोगाचं नाही. माणसाशीच बोलावं लागतं.

आणि यासाठी आपल्याला परदेशातली उदाहरणं शोधायची गरजच नाही. या विषयावरची देशातली सगळ्यात मोठी केस मुंबईत, परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये घडली. अरुणा शानबाग.

नाव ऐकलं असेल, पण गोष्ट पूर्ण माहीत असेलच असं नाही. कारण आपण बहुतेक जण जन्माला यायच्या कितीतरी आधीची ती घटना. अरुणा मूळची उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची. केईएममध्ये नर्स होती, तिथल्याच एका डॉक्टरशी लग्न ठरलं होतं. 27 नोव्हेंबर 1973 च्या संध्याकाळी हॉस्पिटलच्याच एका सफाई कामगारानं तळघरात तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला आणि लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. गळा आवळल्यानं मेंदूचा ऑक्सिजन तुटला होता. वय होतं 25.

हल्लेखोराला शिक्षा झाली सात वर्षांची, खुनाचा प्रयत्न आणि चोरी यासाठी. लैंगिक अत्याचाराचं कलम लागलंच नाही. तिचं लग्न ठरलंय, लोक काय म्हणतील, या विचारानं ती बाजू पुढं आणली गेली नाही, असं या केसवर नंतर लिहिणाऱ्यांनी नोंदवलंय. म्हणजे बघा, पहिल्याच दिवशी एक नैतिक पेच होता, आणि तिच्या भल्यासाठी म्हणून कुणीतरी तो तिच्या वतीनं सोडवून टाकला. तिला विचारायची सोयच नव्हती.

त्यानंतर अरुणा 42 वर्षं केईएमच्या वॉर्ड नंबर 4 मध्ये होती. तिला दिसत नव्हतं, बोलता येत नव्हतं, चालता येत नव्हतं. नातेवाईक हळूहळू यायचे थांबले. सांभाळलं ते केईएमच्या नर्सेसनी. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, मग तिसरी. अरुणा गेली तेव्हा ज्या पोरी तिला भरवत होत्या, त्यांतल्या कितीतरी जणींचा जन्म 1973 नंतरचा. मधल्या काळात महापालिकेनं तिला दुसरीकडं हलवायचा विचार केला, तेव्हा नर्सेसनी आंदोलन केलं आणि तो बेत मोडून काढला.

आता दुसरी बाजू. पत्रकार पिंकी विराणी यांनी 1998 मध्ये अरुणावर पुस्तक लिहिलं. पुढं 2009 मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी होती की तिला बळंच अन्न देणं थांबवा, शांतपणे जाऊ द्या. त्यांचं म्हणणं, हे जगणं नव्हे. केईएमच्या डीनपासून नर्सेसपर्यंत सगळ्यांचं म्हणणं, ती आमची आहे, आम्ही सांभाळतोय, तुम्ही कोण सांगणार?

कोर्टानं तीन डॉक्टरांची समिती नेमली. टाटा हॉस्पिटलचे डॉ. जे. व्ही. दिवाटिया, हिंदुजाचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. रूप गुरसहानी आणि सायन हॉस्पिटलचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. निलेश शहा. जानेवारी 2011 मध्ये त्यांनी अरुणाला तपासलं. अहवालाचं सार असं, की मेंदूचा मोठा भाग कायमचा गेलाय, सुधारणेची आशा नाही. पण ती ब्रेन डेड नाही. श्वास स्वतः घेते, आवाजाला-स्पर्शाला काहीतरी प्रतिसाद देते. आणि इतकी वर्षं अंथरुणावर असून अंगावर एकही बेडसोअर नाही, ही नर्सिंगची कमाल. ज्यांच्या घरात कुणी महिनाभर तरी अंथरुणाला खिळून होतं, त्यांना या वाक्याचं वजन कळेल.

7 मार्च 2011 ला न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. अरुणाच्या बाबतीत परवानगी नाही. तिच्या वतीनं बोलायचा हक्क रोज तिला सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा, विराणींचा नव्हे. पण त्याच निकालात कोर्टानं असंही म्हटलं, की अगदी अपवादाच्या परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं, उपचार थांबवता येतील. देशात ही वाट पहिल्यांदा उघडली. म्हणजे जिच्या नावानं वाट उघडली, तिलाच त्या वाटेनं जाता आलं नाही. 18 मे 2015 ला न्यूमोनियानं अरुणा गेली.

तुमचं मत काय? विराणी बरोबर की नर्सेस? मी दोन्ही बाजू वाचल्या. मला प्रामाणिकपणे वाटतं, दोघांचंही म्हणणं मायेपोटीच होतं. एका बाजूला ‘तिला सोडवा’, दुसऱ्या बाजूला ‘तिला सोडणार नाही’. दोन्हीकडं एकाच गोष्टीची उणीव होती. अरुणाला स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. पंचविशीतल्या पोरीला असलं कोण विचारतं? तुम्हाला कुणी विचारलंय का?

वैद्यकीय नीतिशास्त्रात चार तत्त्वं सांगतात. पेशंटच्या इच्छेचा मान राखा. त्याचं भलं करा. त्याला इजा करू नका. आणि सगळ्यांशी न्यायानं वागा. ऐकायला सोपं वाटतं. पण मी रोज कोड लिहितो, म्हणून सांगतो, हे चार नियम एकाच वेळी चालवायला गेलं की ते एकमेकांना धडकतात. भलं करायला जावं तर इजा होते. छातीवर दाबून हृदय परत चालू करताना ऐंशी वर्षांच्या माणसाच्या बरगड्या मोडू शकतात. इच्छेचा मान ठेवायचा, तर ती इच्छा सांगायला माणूस शुद्धीवर नाही. न्याय बघायचा, तर आयसीयूत बेड एक आणि दारात पेशंट दोन. आमच्या धंद्यात चुकीचा कोड लाइव्ह गेला तर रोलबॅक करता येतो. नळी काढली की काढली.

मग डॉक्टरांनी करायचं काय?

माझ्या मित्राला मी हेच विचारलं. तो म्हणाला, “भावा, पहिला पेच व्हेंटिलेटरचा नसतोच. तो फार आधी येतो. ओपीडीच्या दारात.” कॅन्सरचा रिपोर्ट आला की मुलगा आधी एकटा आत येतो नि म्हणतो, “साहेब, म्हाताऱ्याला काय सांगू नका. खचून जाईल.” आपल्याकडं हे इतकं सर्रास आहे, की आपल्याला त्यात वावगंही वाटत नाही. म्हाताऱ्याला मात्र सगळं कळलेलं असतं. किमो सुरू आहे, केस गेलेत, सगळे कुजबुजतात, त्याला कळणार नाही होय? तो पोरासाठी गप्प, पोरगा त्याच्यासाठी गप्प. आणि त्याला शेताचं वाटप करायचं असतं, बहिणीला भेटायचं असतं, कुणाची तरी माफी मागायची असते. ते सगळं तसंच राहून जातं.

डॉक्टरांनी इथं पोराशी भांडायचं नाही, आणि खोटंही बोलायचं नाही. मित्र काय करतो सांगतो. तो पेशंटलाच विचारतो, “काका, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला सगळं ऐकायचंय, की तुमच्या मुलाशी बोललो तर चालेल?” काही जण म्हणतात, पोराला सांगा, मला नको. ठीक आहे, हीसुद्धा पेशंटचीच इच्छा झाली. काही जण म्हणतात, सगळं सांगा. एवढ्या एका प्रश्नानं निम्मा पेच सुटतो, कारण ज्याचा प्रश्न त्याच्याच हातात जातो.

कायदाही हेच सांगतो. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयात समीरा कोहली यांची केस झाली. त्या फक्त दुर्बिणीतून तपासणीसाठी दाखल झाल्या होत्या. भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय काढलं. कोर्ट म्हणालं, पेशंट सज्ञान आहे, तिच्या जिवाला त्या क्षणी धोका नव्हता, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं. आईची सही म्हणजे तिची सही नव्हे. आपल्याकडं बाईच्या ऑपरेशनला नवऱ्याची, सासऱ्याची सही आधी शोधतात ना? ही केस लक्षात ठेवा. आणि सही मराठीतला फॉर्म वाचून करायची, कुणीतरी समजावून सांगितल्यावर. इंग्रजी फॉर्मवर पेनानं फुली मारून “इथं करा” म्हटलं नि केली, ही संमती नव्हे. आपल्या सीमाभागात तर पेशंट मराठी, डॉक्टर कन्नड, फॉर्म इंग्रजी असंही होतं. समजेल अशा भाषेत विचारणं हाही उपचाराचाच भाग आहे.

आता एका डॉक्टरची गोष्ट. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार. 2008 मध्ये त्यांच्याकडं निकेता मेहता नावाच्या पेशंट होत्या. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास कळलं, की पोटातल्या बाळाच्या हृदयात गंभीर दोष आहे. गर्भपाताची कायद्याची मुदत तेव्हा 20 आठवड्यांची. बाई म्हणतेय, मला हे नको. कायदा म्हणतोय, मुदत संपली. डॉक्टरपुढं वाटा तीन. एक, हात वर करायचे. दोन, कुठंतरी गुपचूप उरकायचं. डॉ. दातारांनी तिसरी धरली. पेशंट आणि तिच्या नवऱ्याबरोबर स्वतः याचिकाकर्ते म्हणून मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले. 4 ऑगस्ट 2008 ला कोर्टानं परवानगी नाकारली. पुढं निकेतांचा गर्भ आपोआपच पडला.

हरले म्हणायचं का? पण त्या केसनं देशभर चर्चा झाली. 2021 मध्ये कायदा बदलला. ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत 24 आठवडे झाली, आणि बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानं त्यापुढंही. तेरा वर्षं लागली. मला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते. पेचात सापडलेल्या डॉक्टरनं तो पेच लपवू नये. उजेडात आणावा. दुसऱ्या डॉक्टरला विचारावं, हॉस्पिटलच्या समितीपुढं ठेवावा, कागदावर लिहावा. अंधारात घेतलेला निर्णय बरोबर असला तरी त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

हेच डॉ. दातार पुढं लिव्हिंग विलच्या कामात उतरले. स्वतःचं विल केलं, आणि ही विलं जपून ठेवायची सरकारी व्यवस्था लागावी म्हणून पुन्हा उच्च न्यायालयात गेले.

लिव्हिंग विल म्हणजे काय? जमिनीच्या मृत्युपत्राशी याचा संबंध नाही. मी शुद्धीत असताना लिहून ठेवतो, की मला बरा न होणारा आजार झाला, मी बोलू शकत नसलो, आणि आशा उरली नसेल, तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका. किंवा ठेवा! तेही लिहिता येतं. अरुणाच्या केसनंतर 9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर हे मान्य केलं. सन्मानानं मरण हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सांगितलं. पण पद्धत इतकी किचकट होती, मॅजिस्ट्रेटची सही आणि काय काय, की कुणी त्या वाटेला जाईना. मग 24 जानेवारी 2023 ला कोर्टानंच ती सोपी केली.

आता काय करावं लागतं, नीट ऐका. तुम्ही सज्ञान आणि शुद्धीवर हवं. लेखी लिहायचं. दोन साक्षीदार. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. तुमच्या वतीनं बोलणाऱ्या विश्वासातल्या माणसांची नावं त्यात घालायची. एक प्रत घरच्यांना, एक फॅमिली डॉक्टरला. झालं.

ते अमलात कसं येतं? उपचार करणारा डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, असं हॉस्पिटलचं पहिलं मंडळ. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर आणि वेगळे दोन तज्ज्ञ. दोघांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. घरच्यांची संमती. मॅजिस्ट्रेटला फक्त कळवायचं. आणि विल नसेल, तरी घरच्यांच्या संमतीनं हीच दोन मंडळांची वाट वापरता येते. त्या नेसरीच्या मित्राला हे मुद्दाम सांगतोय. तू म्हणालास, आम्ही कसं ठरवायचं? तर एकट्यानं ठरवायचंच नाहीये. कायद्यानं त्यात किमान सहा डॉक्टर बसवलेत.

अर्थात आपल्या भागाची अडचण मला माहीत आहे. तालुक्याच्या गावात एका विषयाचे एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून? त्यामुळं हे सध्या कोल्हापूर, बेळगाव, पुणे अशा ठिकाणीच जमण्यासारखं आहे. आणि बेळगावला नेलं की पेशंट कर्नाटकात गेला. तिथल्या सरकारनं जानेवारी 2025 मध्ये या निकालाच्या अंमलबजावणीचं परिपत्रक काढलंय. गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी 2024 मध्ये स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं, गोव्यातलं ते पहिलं.

दोन गैरसमज इथंच काढून टाकू. एक, इंजेक्शन देऊन मारणं आपल्याकडं गुन्हाच आहे. आपण बोलतोय ते उपयोग नसलेले उपचार थांबवण्याबद्दल. दुसरा, ब्रेन डेड आणि कोमा एक नव्हे. ब्रेन डेड म्हणजे मेंदू पूर्ण थांबला, तो माणूस परत येत नाही, ठरावीक चाचण्या करून ते जाहीर करतात आणि अवयवदानाचा प्रश्न तिथं येतो. अरुणा ब्रेन डेड नव्हती. डॉक्टर नेमका कोणता शब्द वापरतायत, ते विचारून घ्या.

आता त्या ‘तुम्हीच ठरवा’कडं येतो. माझं मत असं, की हे वाक्य पेशंटच्या इच्छेचा मान राखल्यासारखं वाटतं, पण तसं नाही. डॉक्टरांनी वीस वर्षं असे पेशंट बघितलेत. समोरचा पहिल्यांदा आयसीयूच्या काचेबाहेर उभा आहे. ऊस बिलाचे पैसे संपलेत, बायकोचं डोरलं गहाण पडलंय, मनात एकच भीती, की ‘बंद करा’ म्हटलं तर गाव म्हणेल, पैशासाठी बापाला मारला. त्याच्यावर सगळं ढकलणं म्हणजे मान देणं नव्हे. डॉक्टरनं आधी विचारावं, “आजोबा कसे होते? असं अंथरुणावर पडण्याबद्दल कधी काही बोलले होते का?” मग आपला सल्ला द्यावा, “तुम्ही जे सांगितलं त्यावरून मला वाटतं, की आता मशीन वाढवू नये, त्रास कमी करण्यावर भर द्यावा. तुम्हाला काय वाटतं?” प्रश्न बदलला बघा. ‘तुम्हाला काय हवंय’ नाही, ‘त्यांना काय हवं असतं’. पोराच्या छातीवरचं ओझं यानं हलकं होतं.

मी हे मित्राला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, “सल्ला देतो. पण उद्या चुलत्यानं येऊन ‘यानंच बंद करायला सांगितलं’ म्हणत काचा फोडल्या तर?” त्याचं खोटं नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राला 2010 मध्ये वेगळा कायदा करावा लागला, यातच काय ते आलं. घाबरलेला डॉक्टर सल्ला देत नाही, तो फॉर्म पुढं करतो. आणि मग आपल्याकडची ती जुनी पळवाट निघते, ‘स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज’. घरच्यांची सही घ्यायची, ॲम्ब्युलन्स बोलवायची, नि पेशंट घरी. कागदावर डॉक्टर सुटला, हॉस्पिटल सुटलं. पण त्या पेशंटला श्वासाचा त्रास होतोय, वेदना आहेत, आणि घरात एक पॅरासिटामॉलची गोळी. घरी नेणं वाईट नाही हं. आपल्या माणसांत, आपल्या अंगणात जावं, असं कितीतरी जणांना वाटतं. पण वेदनेचं औषध, कुणाला फोन करायचा ते नाव, काय होऊ शकतं याची कल्पना, हे काही न देता घरी पाठवणं म्हणजे सोडून देणं.

याला जोड आहे ती पॅलिएटिव्ह केअरची. वेदना आणि त्रास कमी करणारे उपचार. ‘आता काही करता येणार नाही’ हे वाक्य डॉक्टरांनी बोलूच नये, कारण बरं करता आलं नाही तरी करण्यासारखं पुष्कळ असतं. मुंबईत वांद्र्याला ‘शांती आवेदना’ 1986 पासून आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून कॅन्सरच्या पेशंटना सांभाळतंय. केरळात तर गावोगावी स्वयंसेवक घरी जाऊन हे काम करतात. आपल्याकडं गणपतीला, फुटबॉलच्या मॅचेसना एका हाकेला शंभर पोरं गोळा होतात. त्यातली दहा जरी यासाठी शिकली तरी तालुका बदलेल. हे मी मनापासून बोलतोय.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांसाठी. मुदत घालून प्रयत्न करा. “तीन दिवस व्हेंटिलेटरवर ठेवू. अमुक सुधारणा दिसली तर पुढं जाऊ. नाही दिसली तर पुन्हा बसून बोलू.” हे सुरुवातीलाच सांगितलं, तर अकराव्या दिवशी घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकत नाही. पैशाचंही तसंच. खर्च किती येईल ते पहिल्या दिवशी सांगणं कोरडेपणा नाही, ती दया आहे.

आता आपलं काम. मोबाइल हातात आहे तर तीन प्रश्न लिहून घ्या, डॉक्टरांना विचारायला. या उपचारानं पेशंट बरा होईल, की फक्त दिवस वाढतील? जगला तर कसा जगेल, स्वतः जेवेल, माणसं ओळखेल? आणि तुमचे स्वतःचे वडील असते तर तुम्ही काय केलं असतं? तिसरा प्रश्न हात जोडून विचारा. उत्तर मिळतं.

आणि घरातून एकच माणूस डॉक्टरांशी बोलायला नेमा. रोज वेगळा पाहुणा येऊन ‘मोठ्या दवाखान्यात का नेलं नाही’ म्हणतो, त्यानं डॉक्टरही गोंधळतात नि घरही फुटतं.

सगळ्यात महत्त्वाचं, आई-बाबांशी बोला. त्यांना काय हवंय ते विचारा. अपशकुन वगैरे काही होत नाही. जेवण झाल्यावर, सगळे निवांत असताना विचारा. सुरुवात करणं जड जात असेल तर आधी स्वतःचं सांगा, की “मला असं काही झालं तर तुम्ही असं करा.” आई पहिल्यांदा “गप बस, काय बी बोलतोयस” म्हणेल. बोलू द्या. चार दिवसांनी ती स्वतःच विषय काढेल.

अरुणाला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याला कुणाचा दोष नाही. पण आपल्याला आता माहीत आहे. कोर्टानं वाट करून दिलीय, नोटरी कोर्टाच्या आवारात बसलेला असतो, राहिलंय ते घरातलं बोलणं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात हा विषय निघाला तर काय झालं, ते व्हॉइस नोटवर नक्की सांगा. आणि श्रोत्यांत कुणी डॉक्टर, नर्स असतील तर त्यांनी मुद्दाम सांगा. माझं कुठं पटलं नसेल तर तेही सांगा, पुढच्या भागात तुमचीच बाजू ऐकवतो. काळजी घ्या, भेटू.